जगन्नाथकाकांचं ‘नको’

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावची मराठी माणसं जगन्नाथ फणसळकरांना दोन गोष्टींवरून ओळखायची. एक खुर्च्या, दुसरं ‘नको’. गणपती असो, दिवाळी असो, कुणाच्या लेकीचा नाच असो, शाळेचा हॉल भाड्याने घेतला की घडीच्या खुर्च्या मांडायला काका सगळ्यांच्या आधी हजर, आणि उचलायला सगळ्यांच्या नंतर. मधे जेवणाची टेबलं लागली की मात्र काका गायब. कुणी पाहिलंच आणि म्हटलं, ‘काका, घ्या ना,’ तर उत्तर तयार: ‘नको नको, मी जेवून आलोय.’

कप्पाळ जेवून आलेत! गाडीत मागच्या सीटवर पोळीभाजीचा स्टीलचा डबा असायचा. पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून, हीटर लावून, हा गृहस्थ एकटा जेवायचा. जेवून झालं की हात पुसून पुन्हा हॉलमध्ये, खुर्च्या मोजायला.

आता तुम्ही म्हणाल, माणूस माणूसघाणा असेल. अजिबात नाही. खरं सांगायचं तर काकांच्या ‘नको’त ‘पुन्हा विचारा’ एवढंच असायचं. आपल्याकडची रीतच ती. पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, यजमान बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणणारा तो हावरट. पण हा खेळ खेळायला समोर गडी लागतो ना! वरच्या मजल्यावर राधिका आणि सत्यजित हे पुण्याचं जोडपं राहायचं, दोघं आयटीतली, मनाने लाख चांगली. राधिका जिन्यात भेटली की म्हणायची, ‘काका, संध्याकाळी या ना, पावभाजी करतेय.’

‘नको गं, कशाला त्रास.’

‘आर यू शुअर, काका?’

‘हो, हो.’

‘ओके देन, नेक्स्ट टाइम नक्की हं!’

झालं! दार बंद. तिचं काय चुकलं? माणसाने सांगितलेलं खरं मानावं असं तिला शिकवलेलं. संध्याकाळी वरून लोण्याचा नि मसाल्याचा वास यायचा, आणि खाली काका वरणभाताचा कुकर लावून शिट्टीची वाट पाहत उभे राहायचे. वाईट वाटायचं त्यांना. फार वाटायचं. पण सांगणार कुणाला?

लग्नाचंही असंच वाया गेलं. चिपळूणच्या बहिणीने एक चांगलं स्थळ आणलं होतं. मुलगी काकांना फोटोत आवडलीही होती. पत्रात लिहिलं, ‘इतक्यात नको.’ वाटलं, ताई पुन्हा विचारेल. मुलीकडची माणसं कुठे थांबतात! पुढच्या वैशाखात तिचं लग्न दुसरीकडे झालं.

या ‘नको’चं मूळ होतं साताऱ्यात. वडील गेले तेव्हा जगन्नाथ लहान होता. आईने त्याला गावाहून शिकायला साताऱ्याला धाडलं आणि वार लावून दिले. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार, सात घरं. गरिबाची हुशार पोरं तेव्हा अशीच शिकायची. आपली ताटवाटी घेऊन दारात उभं राहायचं, हाक आली की आत जायचं. सहा घरं बरी होती. गुरुवारचं घर मोठं, ओटीवर सतत माणसं. तिथल्या बाई एकदा वाढून डाव खुंटीला अडकवायच्या आणि मग स्वयंपाकघरातून विचारायच्या, ‘अजून भात हवाय का रे?’ डाव खुंटीला टांगल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं, हे पोराला कळायचं. पण एका गुरुवारी पोटात खरोखर आग पडली होती. तो म्हणाला, ‘हो.’

बाई हसल्या. हसत हसत ओटीवर येऊन सगळ्यांना सांगितलं, ‘ऐकलंत का? वाराचा मुलगा मागून खातोय! याला वाढता वाढता आमची पातेली पालथी व्हायची.’ सगळी ओटी हसली. भात वाढला, त्याने गिळलाही. पण त्या दिवसापासून त्याने कुणाच्या दारात ‘हो’ म्हटलं नाही. शिकला, इंजिनियर झाला, मिनेसोटात आला, रस्ते नि पूल बांधण्याआधी माती तपासायच्या ऑफिसात तीस वर्षं राबला, अमेरिकन झाला. सुंभ जळाला तरी पीळ तसाच.

दोन हजार तीनच्या शरदात एका रविवारी काका गाडी काढून निघाले. कुठे? कुठेच नाही. रविवार अंगावर येतो म्हणून ते नदीच्या कडेकडेने गाडी हाकत राहायचे. तासाभरावरच्या एका लहान गावाबाहेर, पाण्याच्या काठाला बरीच माणसं जमलेली दिसली. एका ट्रकमधून घडीच्या खुर्च्या उतरवत होते आणि अगदी चुकीच्या उतरवत होते. बोटं चेमटणार कुणाची तरी! काकांना राहवेना. गाडी लावली, कोट काढला, आणि कुणाला न विचारता खुर्च्या मांडायला लागले.

ही माणसं डकोटा या आदिवासी जमातीची होती. ही नदी, हा प्रांत मुळात त्यांचा. गोऱ्यांशी झालेल्या अठराशे बासष्टच्या लढाईनंतर त्यांच्यातल्या अडतीस जणांना एकाच दिवशी फासावर चढवलं आणि उरलेल्यांना, बायकापोरांसकट, या राज्यातून हाकलून लावलं. त्यांची पणतवंडं आता लांबून लांबून, कुणी नेब्रास्कातून, कुणी दक्षिण डकोटातून, वर्षातून एकदा इथे यायची. गावातली गोरी माणसंही यायची, चर्चमधली, शाळेतली. सकाळी शेकोटी पेटायची, सुकलेल्या पाल्याचा धूर सगळ्यांवरून फिरवायचे, फाशी गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायचे. त्या गोऱ्यांपैकी कुणीतरी उठून, घसा खाकरत, आमच्या माणसांनी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. मग ढोल. दुपारी एका मोठ्या लाकडी फळीवर सगळ्यांनी मिळून चित्र रंगवायचं आणि चित्राच्या कडेने जो तो आपला रंगवलेला तळवा उमटवायचा. दर वर्षी एक फळी, नदीकाठी ओळीने उभी केलेली.

नावं घेताना काका मागे उभे होते. तीस वर्षं त्यांनी याच मातीला भोकं पाडून तिची तपासणी केली होती, आणि ही कुणाची माती होती ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लाज वाटली त्यांना. संध्याकाळी खुर्च्या उचलून ट्रकात रचून दिल्या आणि पुढल्या वर्षी पुन्हा गेले. त्याच्या पुढल्या वर्षीही.

तिथे त्यांची ओळख झाली डार्लीनबाईंशी. काकांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, गुडघ्यांनी थकलेल्या, आवाज मात्र खणखणीत. सुपाचं मोठं पातेलं त्यांच्या ताब्यात असायचं. त्यांना ‘जगन्नाथ’ म्हणता येईना, म्हणून त्या ‘जॅग’ म्हणायच्या. रंगाच्या वाटग्या धरून काका उभे असले की त्या खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. ‘तुझा हात कुठाय फळीवर?’ त्या विचारायच्या. ‘नको, मी काही चित्रकार नाही,’ काका म्हणायचे. ‘सूप घे.’ ‘नको, जेवून आलोय.’ बाई पुन्हा कधी म्हणायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’

‘मीच करतो.’

‘आणि बरोबर जेवायला कोण असतं?’

काकांनी वाटगीतला निळा रंग ढवळला.  बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवशी घरी येताना काकांना वाटलं, आपल्याला कुणीतरी पाहिलं. या देशात एवढी वर्षं काढली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग ते वर्षभर शरदाची वाट पाहू लागले. खोटं कशाला बोला, डार्लीनबाईंच्या शेजारी उभं राहून रंगाच्या वाटग्या धरणं, हाच त्यांच्या वर्षातला सण होता.

दोन हजार पाचच्या थंडीत डार्लीनबाईंचा मुलगा लॉइड गेला. ट्रक चालवायचा, बर्फावरून घसरला. डकोटांची रीत अशी, की माणूस गेला की घरच्यांनी वर्षभर वस्तू जमवायच्या, शिवायच्या, आणि वर्ष फिरल्यावर सगळ्यांसमोर त्या वाटून टाकायच्या. दुःखात ज्याने पाठ राखली, त्याचं नाव पुकारायचं. त्याने पुढे यायचं, वस्तू घ्यायची, घरच्या सगळ्यांशी हात मिळवायचा. घेणाऱ्याचा मान, देणाऱ्याचं दुःख हलकं. दोन हजार सहाच्या संमेलनात हे वाटप होतं.

काका नेहमीप्रमाणे मागच्या रांगेच्या मागे. घोंगड्या गेल्या, टॉवेल गेले, मण्यांच्या माळा गेल्या. शेवटी डार्लीनबाईंनी स्वतः माइक हातात घेतला आणि दोघा पुतण्यांनी एक गोधडी उलगडून धरली. मधोमध भला मोठा तारा, लाल, पिवळा, निळा, तुकड्याला तुकडा जोडलेला, पाकळ्या पाकळ्यांनी फुललेला. आपल्याकडच्या गोधड्या काकांनी पांघरल्या होत्या, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

‘जॅग,’ डार्लीनबाई म्हणाल्या. ‘जो आमच्या खुर्च्या मांडतो.’

सगळी माणसं वळून बघायला लागली. काकांना कुणीतरी पुढे ढकललं. ते तिथवर गेले, गोधडीसमोर उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी वस्तू मनापासून हवीशी वाटली. ती घरी न्यावी, पलंगावर घालावी, मिनेसोटाच्या जानेवारीत तिच्याखाली झोपावं. एवढं सगळं मनात, आणि तोंडातून काय निघालं?

‘नो, नो. नको, मला कशाला? दुसऱ्या कुणाला द्या.’

हात तुझी! जीभ आहे की रबरी शिक्का!

आणि काका थांबले. खरं म्हणजे ते वाट बघत होते. आता बाई म्हणतील, ‘अरे घे रे,’ आपण पुन्हा एकदा मान हलवू, मग त्या अंगावरच टाकतील. पायरी पायरीने सगळं मनात तयार होतं. समोर मात्र कुणी काही बोललं नाही. ढोल थांबलेला. डार्लीनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी काकांकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली, आणि पुतण्यांना काहीतरी सांगितलं. गोधडीची घडी झाली. माइकवर दुसरं नाव पुकारलं. नेब्रास्काहून आलेला एक उंच तरुण पुढे आला, त्याच्या खांद्यावर ती गोधडी पडली, आणि तो रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवत गेला. काका तिथेच, वाटेत उभे. त्यांना बाजूला सरकायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी खुर्च्या रचताना डार्लीनबाईंचा भाऊ व्हर्नन शेजारी आला. हा ढोलावर बसणारा, बोलणं कमी.

‘ती तिने तुझ्यासाठी शिवली होती,’ तो म्हणाला. ‘ताऱ्यात लॉइडचे शर्ट आहेत.’

काकांच्या हातातली खुर्ची खाली आपटली. ‘व्हर्नन, मला ती हवी होती! आमच्याकडे आधी नाही म्हणायची पद्धत आहे. मग समोरचा आग्रह करतो, मग घ्यायचं.’

व्हर्ननने विचार केला. ‘आणि समोरच्याने नाही केला तर?’

‘तर... उपाशी राहायचं.’

‘आमच्यात एकदाच देतात,’ तो म्हणाला. ‘माझ्या बहिणीला वाटलं, तुला तिच्या मुलाचं काही नको.’

डार्लीनबाई गाडीत बसून गेल्या होत्या. काका रिकाम्या मैदानात उभे राहिले आणि रडले. साठी उलटलेला मनुष्य, खुर्चीच्या पाठीला धरून, मोठ्याने. लाजेने नव्हे, त्या गोधडीसाठी. शोकात वर्षभर एक बाई आपल्यासाठी टाके घालत बसली होती, आणि आपण तिला गुरुवारच्या घरची बाई समजलो!

तो हिवाळा वाईट गेला. नोव्हेंबरात राधिका-सत्यजित दुसऱ्या राज्यातल्या फ्रिस्कोला निघाले. सत्यजितला तिकडे चांगली नोकरी लागली. जायच्या आधी राधिका खाली आली. ‘काका, आमचा सोफा घेता का? नवा आहे ऑलमोस्ट.’ सवयीने ‘नको’ म्हणून गेले. ‘ओके काका, टेक केअर हं,’ म्हणत पोरीने वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी कुणी परकी माणसं येऊन सोफा घेऊन गेली. वरचा मजला बरेच आठवडे रिकामा होता. काकांनी डार्लीनबाईंना फोन करायचं कितीदा तरी मनात आणलं. पण फोन करून म्हणायचं काय? गोधडी परत मागायची? देऊन झालेलं परत मागणारा तो कसला माणूस! बर्फ पडत राहिला, काका दोन ब्लँकेटं घेऊन झोपत राहिले, आणि ऊब काही येईना.

दोन हजार सातच्या शरदात जायचं की नाही, हे काकांनी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. न गेलो तर ती समजेल की खरंच काही नको होतं. गेलो तर कोणत्या तोंडाने? सकाळी त्यांनी कणीक मळायला घेतली आणि तशीच झाकून ठेवली. रिकामा डबा घासला, पुसला, आणि सीटवर ठेवून निघाले.

खुर्च्या मांडल्या. नावं ऐकली. डार्लीनबाई लांब शेकोटीजवळ होत्या, काठी टेकून. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही. दुपारी जेवणाची ओळ लागली. काका गाडीकडे गेले, डबा काढला, आणि ओळीत शेवटी जाऊन उभे राहिले.

एवढं लिहायला सोपं आहे हो. त्या ओळीतला माणूस बासष्ट वर्षांचा होता आणि हातात स्टीलचं भांडं होतं. पावलागणिक तो लहान होत होता. साताऱ्याची ओटी समोर दिसत होती, हसणारी तोंडं दिसत होती. दोनदा वाटलं, निघून जावं. पुढची बाई सरकली, आणि पातेल्यापलीकडे डार्लीनबाई होत्या.

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘तू तर जेवून येतोस.’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘कधीच आलो नाही. गाडीत बसून खायचो.’

‘माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या गाडीच्या काचांवर वाफ धरते.’

मागे कुणीतरी हसलं. काकांचे कान तापले, पण काका जागचे हलले नाहीत.

‘डार्लीन, मला ती हवी होती. खूप हवी होती. लॉइडचे शर्ट आहेत हे कळायच्या आधीपासून हवी होती. माझ्या तोंडाला खोड आहे. चुकलो मी.’

बाईंनी पातेल्यात डाव फिरवला. मग म्हणाल्या, ‘ती गेली, जॅग. ती आता त्या पोराची आहे. आणि दुसरी होणार नाही. माझ्या डोळ्यांना आता सुई दिसत नाही.’

‘हो,’ काका म्हणाले. ‘कळतंय मला.’

 डार्लीनबाईंनी डबा ओढून घेतला. पाणथळीतला काळा तांदूळ आणि मांसाच्या तुकड्यांचं दाट सूप, त्याचा एक डाव घातला. मांस काकांच्या घराण्यात कुणी खाल्लं नव्हतं. गेलं घराणं खड्ड्यात! डबा निम्मा भरला. बाईंचा डाव हवेत थांबला.

‘अजून?’

एवढंच. पुन्हा विचारणार नव्हत्या, हे आता काकांना ठाऊक होतं. डाव खुंटीला टांगलेला नव्हता, त्यातून सूप ठिबकत होतं. ‘नको’ जिभेच्या टोकावर येऊन बसलंच होतं. पन्नास वर्षांचं राहतं घर, असं कसं सोडेल ते! काकांनी तोंड मिटलं. गिळलं. पुन्हा उघडलं.

‘हो,’ ते म्हणाले. ‘अजून.’

बाईंनी डबा काठोकाठ भरला, वर तळलेली पोळी ठेवली, आणि आपल्या कामाला लागल्या. क्षमा केली की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही. डबा हाताला चटके देत होता. काका वळले. गाडी लांब उभी होती, झाडाखाली. त्यांनी सकाळी मांडलेल्या खुर्च्यांची ओळ इथे जवळ होती, आणि व्हर्ननच्या शेजारची एक रिकामी होती. एवढ्या वर्षांत त्यांनी किती खुर्च्या मांडल्या असतील. त्यातल्या एकीवर ते आज पहिल्यांदा बसले.